तुम्ही विचारलेत म्हणून: चिखलात चालायला इतक्या लांब?

ऐरोलीची खाडी घरापासून दहा मिनिटांवर असताना इंग्लंडमधल्या नॉर्फोकच्या किनाऱ्यावर खाजणे तुडवायला का जाता, असे मला सोसायटीच्या सभेपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे विचारले जाते. आपली खाडी मला कमी वाटत नाही. २०१५ साली अभयारण्य झालेल्या या खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायचे तर होडी लागते. तिवरांच्या दाटीत चालता येत नाही आणि येऊही नये. नॉर्फोकमधल्या ब्लेकनी गावाला तिवर नाहीत. गुडघ्याखालची झुडपे, जुलैत जांभळी फुले आणि खाजणाच्या कडेने गावोगाव जाणारी, १९८६ साली खुली झालेली पायवाट. एका गावात खोली घ्यावी, रोज एका दिशेला क्लाय किंवा स्टिफकीपर्यंत चालावे आणि बसने परतावे, एवढीच ती सुट्टी. खर्चाचे विचाराल तर तो उधळपट्टीत मोडतो, हे मला मान्य आहे.

यानंतर आवाज उतरवून विचारतात, वहिनी का येत नाहीत?

पहिल्या खेपेला ती आली होती. माझे आजोळ दिवाळे कोळीवाड्यातले, तेव्हा भरती मला कोणी शिकवायची, अशा तोऱ्यात मी होतो. तिथे उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात; भरतीच्या कोष्टकांत हा वाढीव तास कधी धरलेला असतो, कधी नसतो. आमच्या कागदावर तो धरलेला होता. मी तो त्यात पुन्हा मिळवला, म्हणजे भरती तासभर उशिराची धरली. स्टिफकीसमोर खाजण ओलांडून आम्ही वाळूपर्यंत गेलो. दिवस उधाणाचे होते. समोरची वाळू कोरडी, समुद्र लांब, म्हणून आणखी थोडे थांबू या, असे मीच म्हटले. "मागे पाणी वाढतंय," असे ती दोनदा म्हणाली. मी कागद दाखवला. येताना ज्या ओहळात घोटाही भिजला नव्हता, तो परतताना तिच्या कमरेपर्यंत आला होता. तिचा एक बूट तिथेच चिखलात राहिला आणि पुढची वाट ती मोज्यावर चालली. पाणी मागून भरते, हे आजी सांगत असे. मी ते ऐकले होते, पण तिथे आठवले नाही.

एक तास चुकला, त्यात एवढे काय, असे मी कित्येक महिने म्हणत राहिलो, आणि अजूनही कधीतरी म्हणतो. त्यानंतर मी दोनदा एकटाच गेलो. ते योग्य केले का, ते मला ठरवता आलेले नाही.

ऐरोलीच्या होडीत ती आनंदाने बसते. पाणी किती वाजता फिरणार, हे मात्र मला बाजूला सारून होडीवाल्याला स्वतः विचारते.