ट्वायझेलला चार रात्री

क्राइस्टचर्चहून निघताना मुलाने हातात वेळापत्रक ठेवलं. न्यूझीलंडचं दक्षिण बेट, १४ दिवस, ११ मुक्काम, छापील चार पानं. गाडी म्हणजे दोघांपुरतं भाड्याचं मोटरहोम. मी ६४, ही ६१. कोयना प्रकल्पाच्या पोफळीच्या वीजगृहात उभा जन्म शिफ्टमध्ये गेला, त्यामुळे वेळापत्रक पाहून मला उलट हायसंच वाटलं.

शहराबाहेर पडायच्या आतच एका राउंडअबाउटला मागे धाडकन आवाज झाला. ड्रॉवरची खिटी लावायची राहिली होती. दाण्याच्या कुटाचा डबा उपडा! पुढे चार दिवस चादरी झटकल्या की कूट पडत होतं. तेव्हा निघण्यापूर्वी एकाने खिट्या, खिडक्या आणि गॅसचा कॉक हात लावून बघावा, दुसऱ्याने तेच पुन्हा बघावं.

टेकापो गावी रात्री मायक्रोवेव्ह चालेना. फ्यूज पाहिला, वायर पाहिली, दहा मिनिटं खटपट केली. शेवटी हिनेच पुस्तिका वाचून दाखवली: मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले सॉकेट बाहेरची वीज जोडल्यावरच चालतात. बॅटरीवर फक्त दिवे, पंप आणि फ्रिज. "अहो, वीजगृहात होतात ना?" हे वाक्य नंतर रोज ऐकलं. आमचा हिशेब असा बसला की दोन रात्री साध्या कॅम्पसाइटवर काढायच्या आणि तिसरी हॉलिडे पार्कमध्ये, वीज जोडून. कपडे तिथेच धुवायचे, पाणी भरायचं आणि टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैल्याची काढता येणारी टाकी, डम्प स्टेशनवर, त्यासाठीच केलेल्या जागी, रिकामी करायची. कॅसेटला नाक मुरडू नका. हातमोजे घाला, वाऱ्याकडे पाठ करा, दोन मिनिटांचं काम आहे. रस्त्याकडेला वाटेल तिथे मात्र मुक्काम करता येत नाही. गाडीवर सेल्फ-कन्टेन्डचा, म्हणजे टॉयलेट आणि सांडपाण्याची सोय गाडीतच असल्याचा, हिरवा दाखला असला तरी आधी तिथला फलक वाचायचा.

तिसऱ्या दिवशी पुकाकी तलावाशी पोचलो. हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे पाण्याला दुधाळ निळा रंग आलाय. समोर ३७२४ मीटरचा माउंट कूक दिसायला हवा होता, दिसले फक्त ढग. पण मला तलावाकाठी टेकापो बी वीजगृह दिसलं आणि मी गाडी थांबवली. १६० मेगावॉट, म्हणजे आमच्या कोयनेच्या १९६० मेगावॉटपुढे अगदीच धाकटं. पण टेकापो तलावाचं पाणी कालव्याने २५-२६ किलोमीटर आणून इथे सोडलंय. ही निमूट गाडीत बसून राहिली. कठडा धरून मी किती वेळ उभा होतो ते तिलाच विचारा.

मुक्काम ट्वायझेलला. वेळापत्रकात एकच रात्र होती. शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी गावाची गोष्ट सांगितली. हे गाव १९६८ पासून वसवलं ते वीजप्रकल्पाच्या कामगारांसाठी. काम संपलं की सगळं मोडून जमीन मोकळी करायची असं ठरलं होतं. काम संपलं, पण लोक हटले नाहीत. गाव राहिलं. मला आमच्या कॉलनीतल्या बंद क्वार्टर्स आठवल्या, खिडक्यांतून बाहेर आलेल्या फांद्यांसकट. निवृत्तीनंतर वर्षभर मी पहाटे साडेचारला दचकून उठत असे, शिफ्ट चुकली म्हणून. ट्वायझेललाही साडेचारलाच जाग आली. गॅसवर चहा टाकला, कप घेऊन कालव्याकाठी गेलो. उजाडेपर्यंत चार माणसं गळ टाकून बसलेली, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मीही बसलो.

"आज निघायचं ना?" असं हिने दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलंच नाही. मुलाचा फोन आला, "बाबा, तुम्ही अजून तिथेच?" चौथ्या दिवशी ढग फाटले. माउंट कूकच्या पायथ्याशी जाऊन किआ पॉइंटची वाट चढलो, जाऊन-येऊन तासाभराची, गुडघ्यांना झेपेल अशी. तिकडे जाताना भाजी-दूध ट्वायझेललाच भरून घ्या.

आणखी काही. आपलं इंग्रजीतलं लायसन्स चालतं, गाडी डावीकडूनच चालते. एकपदरी पुलावर आपल्या बाजूचा बाण लाल आणि लहान असेल तर थांबायचं. फोनवरचा नकाशा तीन तास म्हणाला की चार धरा. डिझेलवरच्या गाडीला किलोमीटरमागे रस्त्याचा कर असतो, भाड्यात तो धरलाय का ते विचारा. विमानतळावर मसाल्यापासून लाडवापर्यंत सगळं जाहीर करा, लपवलं तर ४०० डॉलर दंड. पीठ-डाळी क्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानात मिळतात.

आणि तेलकट तवा सिंकमध्ये धुऊ नका, सांडपाण्याची टाकी घाण मारते. आधी कागदाने पुसून घ्या. पेपर नॅपकिन संपले तेव्हा आम्ही थालीपिठाचा तवा वेळापत्रकाच्या दुसऱ्या पानाने पुसला, मग तिसऱ्या. मिलफर्ड साउंडचा मुक्काम त्यातच गेला. चौथ्या पानावर गाडी परत करायची वेळ होती, तेवढं जपून ठेवलं.