वाय की एन

काकू जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतात. टेपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर, तिचं दुसरं टोक कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या भोकात, आणि मग पाऊण तास नुसतं ऐकत बसायचं. एकूण १४० कॅसेटी, त्यातल्या नव्वदेक झालेल्या. आईचा आवाज, भावंडांची भांडणं, कुणाची तरी पाठ केलेली कविता. सगळं डेस्कटॉपवरच्या 'नवीन फोल्डर' नावाच्या फोल्डरमध्ये. दुसरी प्रत कुठेही नाही.

मला बोलावलं ते आवाज तुटतो म्हणून. रेकॉर्डिंग चालू असताना मध्येच एक-दीड सेकंद घरघर व्हायची, माऊसचा बाण तेवढा वेळ जागच्या जागी थिजायचा आणि मग काही झालंच नाही अशा थाटात सगळं पुन्हा सुरू. दिवसातून चारदा, कधी एकदाही नाही. काकूंना वाटलं टेपच खराब झाली. एकेक बाजू त्यांनी तीन-तीनदा उतरवली होती.

माझ्याआधी दोघेजण येऊन गेले होते. पहिल्याने रॅम वाढवली. दुसऱ्याने कॉम्प्युटर 'साफ' करणारी दोन सॉफ्टवेअरं टाकली, ती रोज सकाळी लाल अक्षरांत शेकडो चुका दाखवून काकूंना घाबरवत होती. आमच्या धंद्यात आजार कळला नाही की औषधं वाढवतात.

मी आधी ती दोन्ही काढली. डिस्कची तब्येत पाहिली: एकही सेक्टर बदललेला नाही, एकही लटकलेला नाही. प्रोसेसरचं तापमान साठच्या आसपास. टास्क मॅनेजरमध्ये सगळ्या रेघा झोपलेल्या. आणि मग मी तो प्रश्न विचारला, जो गिऱ्हाइकाला विचारायला कुणाला वेळ नसतो.

"काकू, हे कधीपासून?"

"काही केलं नाही रे मी. आपोआपच सुरू झालं."

हे उत्तर ठरलेलं असतं. त्यावर पुन्हा विचारायचं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या म्हणाल्या, "भाचा आला होता ना, त्याने ते अकरा टाकून दिलं. त्यानंतरच बहुतेक."

इथे माझ्या डोक्यात दिवा लागला, आणि खरं सांगतो, छाती जरा फुगलीच. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, म्हणजे किल्ल्या सांभाळणारी चिप. काकूंच्या मशीनमध्ये वेगळी चिप नाही, ते काम प्रोसेसरच करतो, त्याला एफटीपीएम म्हणतात, आणि जुन्या बोर्डांवर ते बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, बंद असायचं. भाच्याने ते चालू केलं असणार. आता हे एफटीपीएम आपली नोंद बोर्डावरच्या त्याच छोट्या फ्लॅश चिपवर ठेवतं, जिथे बायोस असतो. जुन्या बायोसमध्ये कधी कधी ही लिहा-वाच लांबते आणि तेवढा वेळ अख्खं मशीन श्वास रोखून उभं राहतं. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीने २०२२ मध्ये हे स्वतःच जाहीर केलं आणि दुरुस्ती बायोस अपडेटमधून दिली. मी बायोसची तारीख पाहिली. २०२१.

काकूंना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, पण मला सांगायचं होतं.

बायोस अपडेट करताना वीज गेली तर बोर्ड मेला, म्हणून मी स्वतःचा यूपीएस घेऊन गेलो होतो. बोर्डाचं मॉडेल नाव स्क्रीनवर वाचून थांबलो नाही, कॅबिनेट उघडून टॉर्चच्या उजेडात बोर्डावर छापलेला रिव्हिजन नंबरही ताडून पाहिला. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केला, फाइल टाकली. ती टाकताना 'धिस पीसी' उघडलं होतं. तिथे सी ड्राइव्हच्या चित्रावर एक बारीक उघडं कुलूप असणार. दिसलंच असणार. मी पाहिलं नाही.

अपडेट बिनबोभाट झालं. शंभर टक्के, रीस्टार्ट, काळी स्क्रीन आणि पांढऱ्या अक्षरांत चार ओळी. नवा प्रोसेसर बसवला आहे किंवा एफटीपीएमची नोंद बदलली आहे. नोंद पुसायची असेल तर वाय दाबा. ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली असेल तर रिकव्हरी किल्लीशिवाय सिस्टिम सुरू होणार नाही. जुनी नोंद ठेवायची असेल तर एन दाबा.

मी वाय दाबलं.

ही पाटी मी अनेकदा पाहिली आहे, आणि घरगुती डेस्कटॉपवर दरवेळी वायच दाबलं आहे. कधी काही बिघडलं नाही, कारण घरगुती डेस्कटॉप आपणहून एन्क्रिप्ट होत नसत. बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्ह एन्क्रिप्ट करून कुलूपबंद करणारी सोय, विंडोजच्या प्रो आवृत्तीत, आणि काकूंकडे होम. पण होममध्ये तेच काम 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने चालतं, आणि अकराच्या २४एच२ आवृत्तीपासून त्याच्या अटी सैल झाल्या. नव्याने विंडोज टाका, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करा, ड्राइव्ह मुकाट्याने कुलूपबंद. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असणं आणि बोट वायवर जाताना ते आठवणं यात फार अंतर आहे.

निळी स्क्रीन आली. ४८ आकडी किल्ली द्या.

काकू शेजारीच बसल्या होत्या. "झालं का?"

मी म्हणालो, "अपडेटनंतर कधी कधी असं विचारतं. भाच्याने विंडोज टाकताना कुलूप लावलंय, त्याची किल्ली त्याच्याकडे असेल."

यातलं एकही वाक्य खोटं नाही.

काकू भाच्यावर उखडल्या. "मला न विचारता कुलूप कसं लावतो हा? उंटावरचा शहाणा!" मी मान खाली घालून पेनड्राइव्ह खिशात ठेवला.

त्याचा फोन लागायला दोन तास गेले. त्या दोन तासांत मी पुन्हा पुन्हा बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बघत होतो. त्याचा काही उपयोग नाही हे मला माहीत होतं. एफटीपीएम नुसतं बंद पडलं असतं तर परत चालू करून भागलं असतं. मी नोंदच पुसली होती. किल्ली मिळाली नाही तर ते नव्वद कॅसेटींचं काम कुणाच्या बापाला परत मिळणार नव्हतं. काकू टेप लावून बसल्या होत्या. कुणीतरी लहान मुलगी पाढे म्हणत होती.

भाचा लागला. काकूंनी आधी त्याला झापलं, मग फोन माझ्या हातात दिला. मी गॅलरीत गेलो.

"काका, बायोस अपडेट केलात का?"

"हो."

"आधी ड्राइव्हच्या कुलपाचं प्रोटेक्शन सस्पेंड केलं होतं?"

"नाही."

"एफटीपीएमचा प्रश्न आला असेल मग."

"आला होता. वाय दाबलं."

तो जरा थांबला. वय असेल बावीस-तेवीस. मग म्हणाला, "खातं उघडतो, थांबा." त्याच्या खात्यात चार किल्ल्या निघाल्या, त्याने मित्रांचीही मशीनं त्याच खात्यातून लावून दिली होती. यावर त्याला चार शब्द ऐकवायला हवे होते, पण त्या दिवशी माझं तोंड नव्हतं. स्क्रीनवरच्या किल्लीच्या आयडीचे पहिले आठ वर्ण मी वाचले, त्याने तिसरी जुळवली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. तो एक गट वाचायचा, मी दाबायचो आणि परत म्हणून दाखवायचो.

विंडोज उघडलं. पिन चालेना, कारण पिनही त्याच पुसलेल्या नोंदीला बांधलेला असतो, तो भाच्याच्या फोनवरून मंजुरी घेऊन नव्याने लावला. प्रोटेक्शन एकदा सस्पेंड करून पुन्हा चालू केलं. 'नवीन फोल्डर' जागेवर होता. सगळ्यात आधी तो बाहेरच्या डिस्कवर उतरवला, मगच पाणी प्यायलो. घरघर गेली ती गेलीच, त्यानंतर आवाज एकदाही तुटलेला नाही. निदान बरोबर होतं, एवढं मला कुणी नाकारू शकत नाही.

आता बायोसला हात लावण्याआधी मॅनेज-बीडीई ही कमांड चालवून ड्राइव्हला कुलूप आहे का ते बघतो. होम असो, प्रो असो. दहा सेकंद लागतात.

भाच्याने मावशीला काही सांगितलेलं नाही. तो का बोलला नाही, मला माहीत नाही. मी सांगणार होतो, पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेला काकूंनी माझं नाव आणखी तिघांना सुचवल्याचं सांगितलं. किल्ली मी कागदावर लिहून दिली होती, ती त्यांनी एका रिकाम्या कॅसेटच्या डबीत घडी घालून ठेवली आहे. डबीच्या पाठीवर, जिथे गाण्यांची नावं लिहितात तिथे, त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलंय: भाच्याच्या घोळाची किल्ली.