माझ्या नावातला ‘ई’

नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात मी नर्स आहे. जर्मनीत याच कामासाठी जायचं ठरवलं तेव्हा कळलं की भाषा बी-टू या पातळीपर्यंत यावी लागते आणि पहिली पायरी ए-वनची. कॉलेज रोडला संध्याकाळचा क्लास लावला. धास्ती व्याकरणाची होती, पण अडले पहिल्याच दिवशी, आणि तेही स्वतःच्या नावापाशी.

मॅडमनी एकेकाला नावाचं स्पेलिंग सांगायला लावलं. त्या आमच्याकडे पाठ करून, कानावर पडेल ते फळ्यावर लिहीत होत्या. माझं नाव केतकी. शाळेपासून तोंडात बसलेलं म्हणून टाकलं: के, ई, टी, ए, के, आय. फळ्यावर उमटलं K I T E K आणि पुढे प्रश्नचिन्ह. मॅडम म्हणाल्या, “जर्मन माणसाला हे असं ऐकू येईल.”

इंग्रजीत ज्या E ला आपण ‘ई’ म्हणतो, त्याचं जर्मनमधलं नाव ‘ए’. तिथे ‘ई’ म्हटलं की I लिहितात. आपण ‘ए’ म्हणतो तो A, तर तिकडे तो ‘आ’. म्हणजे नावं नुसती वेगळी नाहीत, एकमेकांच्या जागेवर जाऊन बसलेली आहेत. आणि शेवटचं ‘आय’? जर्मनमध्ये ‘आय’ म्हणजे अंडं.

मला ते फार लागलं. रक्ताची पिशवी लावण्याआधी आम्ही दोघी सिस्टर पिशवीवरचं आणि केसपेपरवरचं नाव मोठ्याने वाचून ताडून बघतो. एका अक्षराचा फरक असला तरी पिशवी परत जाते. परदेशात फोनवर कुणाचं नाव लिहून घ्यायची वेळ आली आणि माझ्या कानाने असा दगा दिला तर काय होईल, हे मला सांगायला नको होतं.

क्लास सुटल्यावर मॅडमना थांबवून विचारलं, की हे असं का? त्यांनी सांगितलेलं आजही जसंच्या तसं आठवतं. रोमन लोक स्वरांची नावं आपल्यासारखीच ठेवत. जो आवाज तेच नाव, आपण ‘आ’ला ‘आ’ म्हणतो तसं. जर्मन, स्पॅनिश, इटालियन बऱ्याच अंशी तिथेच राहिल्या. जुन्या इंग्रजांचाही A ‘आ’च्या जवळ होता आणि I ‘ई’ होता. पुढे साधारण 1400 ते 1700 या काळात त्यांचे दीर्घ स्वर तोंडातल्या तोंडात सरकत गेले. ‘ए’चा ‘ई’ झाला, ‘ई’चा ‘आय’ झाला, ‘आ’चा ‘ए’ झाला. त्याआधीच, 1476 मध्ये, कॅक्स्टन नावाच्या मुद्रकाने इंग्लंडात छपाई सुरू केली होती आणि छापील स्पेलिंग रुळत गेलं. उच्चार बदलत राहिले, स्पेलिंग बरंचसं जुनंच राहिलं. म्हणून कॅट, नेम, ऑल, एनी, अबाउट या पाचही शब्दांत एकच A वेगवेगळा वाजतो. त्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या आवाजासाठी आपल्याला ॲ आणि ऑ करून घ्यावे लागले, आणि 2009 मध्ये राज्य शासनाने ते मराठी वर्णमालेत घेतले. आठवीत मी ‘एनी’ला ‘अनी’ वाचलं म्हणून छडी खाल्ली होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, चूक माझी एवढी नव्हती.

घरी वहीत तीन ओळी आखल्या. वर रोमन अक्षर, मधे इंग्रजी नाव, खाली जर्मन नाव देवनागरीत. आठवड्याने मधली ओळ खोडली. पंचवटीतून ड्युटीला जाताना पुढच्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचायचे: एम्, हा, फ्युन्फत्सेन. एमएच-15 नाशिकभर असल्यामुळे पंधराचा आकडा तरी कायमचा पाठ झाला. मुंबई नाक्याच्या सिग्नलला सगळ्यात जास्त सराव व्हायचा.

जर्मनमधली ö आणि ü ही टिंबवाली स्वराक्षरं तोंडात यायला पंधरा दिवस लागले. ‘ई’ म्हणत राहायचं आणि जीभ न हलवता ओठांचा चंबू करायचा, की ü निघतो. हेच ‘ए’वर केलं की ö.

खरी दमछाक ऱ्हस्व-दीर्घाने केली. ‘मीटऽ’ म्हणजे घरभाडं आणि ‘मिटऽ’ म्हणजे मध्य. माझ्या कानाला दोन्ही एकच. मराठीत फूलचं ‘फुलाला’ होतं, कवीचा इकार शेवटी आला म्हणून दीर्घ. बोलताना ऱ्हस्व की दीर्घ हे बहुतेक जागेवरून ठरतं, त्यावरून अर्थ बदलायची वेळ क्वचित येते. त्यामुळे कान तिकडे लक्षच देत नाही. शेवटी टेबलावर बोट टेकवून दीर्घाला दोन ठोके आणि ऱ्हस्वाला एक, असं करत शब्द म्हणायला लागले. आई म्हणायची, भजन चालू आहे का गं.

ए-वनची परीक्षा पुण्याला मॅक्स म्युलर भवनात, जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत, होती. पहाटेची एसटी धरली, सिन्नर येईपर्यंत डोळे मिटून स्वर म्हणत होते. तोंडीत आधी स्वतःची ओळख, मग परीक्षक एखादा शब्द अक्षर-अक्षर सांगायला लावतात. मला शहराचं नाव विचारलं. घशाशी जुना ‘ए’ आला होता. बोट मांडीवर टेकवलं आणि सांगितलं: एन्, आ, एस्, हा, ई, का. त्यांनी मान हलवून पुढचा प्रश्न विचारला. पास व्हायला शंभरात साठ लागतात, ते मिळाले.

आता ए-टू चालू आहे. काल रात्रपाळीत तीनच्या चहाला आमची ज्युनिअर वैशाली शेजारी येऊन बसली. तिनेही क्लास लावलाय. जुन्या चार्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तीन ओळी आखल्या. तिच्या नावात I दोनदा येतो. पहिल्या वेळी ती ‘आय’ म्हणाली, थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं: फाउ, आ, ई.