कापडावर थेंब तसाच उभा राहिला

त्या शनिवारी वर्ग सुरू व्हायच्या आधीच काकू दारात उभ्या होत्या. हातात घडी घातलेला टेबलक्लॉथ. काही न बोलता त्यांनी तो टेबलावर पसरला आणि माझ्या काळजात धस्स झालं. महिनाभर रोज दुपारी बसून त्यांनी त्याच्यावर गोकर्णाची वेल रंगवली होती. आता फुलांच्या जागी निळे पापुद्रे लोंबत होते. एका पाकळीला नुसतं नख लावलं, तर ती अख्खी सुटून माझ्या बोटाला चिकटली.

"एकदाच धुतला हो, ताई. तोही हाताने, थंड पाण्यात."

फॅब्रिक पेंटिंगचे वर्ग घेताना असा रंग सुटलेला कपडा अधूनमधून समोर येतोच. माझे प्रश्नही ठरलेले आहेत. रंग पूर्ण वाळू दिला होता का? पूर्ण दिवस. इस्त्री? उलट बाजूने, वाफ बंद ठेवून, एकेका जागी काही मिनिटं. नंतर धुतला कधी? चार दिवसांनी. रंग पातळ करायला पाणी घातलं होतं, की त्यासाठी मिळणारं मीडियम? "तुम्ही मीडियम सांगितलंत, मीडियमच घातलं." आणि रंगवण्याआधी कापड धुतलं होतं? तेही धुतलं होतं, साबण लावून, सॉफ्टनर न घालता.

एकही उत्तर चुकीचं नव्हतं. मी निरुत्तर झाले. बहुतेक वेळा यातलं एखादं उत्तर ओशाळून येतं आणि मी तिथेच बोट ठेवते. काकूंनी मात्र मी सांगितलेलं अक्षरन् अक्षर पाळलं होतं.

मग मी टेबलक्लॉथ उलटा केला. मागची बाजू पांढरी स्वच्छ. इतक्या पातळ सुती कापडावर एवढा रंग लावल्यावर मागे थोडी तरी निळसर झाक दिसायला हवी होती. कपड्याचा हा रंग म्हणजे रंगाची पूड आणि तिला धरून ठेवणारा अ‍ॅक्रिलिक बाइंडर. ओला असताना तो तंतूंच्या फटींत शिरतो, तिथेच वाळतो आणि इस्त्रीच्या उष्णतेने पक्का होतो. आत शिरायला वावच मिळाला नाही, तर दुधावरच्या सायीसारखा वर जमून राहतो. ही साय जमली होती, हे दिसत होतं. का जमली, ते कळत नव्हतं.

ब्रशने पाण्याचा एक थेंब उचलून कोऱ्या कोपऱ्यावर सोडला. थेंब पसरला नाही. अळवावरच्या पाण्यासारखा गोल, चकचकीत उभा राहिला. कापड जरा तिरकं केलं तसा घरंगळून खाली गेला, मागे ओलसुद्धा नाही.

"सुती म्हणून दिलं हो मला," काकू म्हणाल्या. मी कडेचा एक धागा काढून बशीत जळत्या काडीला लावला. कागदासारखा जळला, मऊ करडी राख झाली. पॉलिएस्टर असतं तर वितळून कडक मणी झाला असता. म्हणजे कापड सुतीच होतं, पण त्याला डाग न धरणारं फिनिश, म्हणजे पाणी आत शिरू न देणारा लेप, दिलेलं होतं. साधी खळ धुण्याने निघते. हे फिनिश धुलाईला टिकावं म्हणूनच दिलेलं असतं.

मला फार वाईट वाटलं. काकूंना मी रंग, ब्रश, रिंग, कापडाखाली ठेवायचा पुठ्ठा, सगळ्याची यादी दिली होती. कापडापुढे मात्र फक्त "सुती, धुतलेलं" एवढंच लिहिलं होतं. नवीन येणाऱ्यांचे प्रश्नही ब्रश आणि रंगांचेच असतात, आणि मीही त्याच वाटेने जात राहिले. "चूक माझी आहे, काकू," मी म्हटलं. त्यांनी नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

कपाटात एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती चादर होती. तिच्यावर थेंब सोडला तर टेकताक्षणी गडप. काकूंनी तो तुकडा रिंगमध्ये ताणून बसवला. चपट्या ब्रशच्या एका टोकाला हिरवा आणि दुसऱ्याला पांढरा रंग घेतला, पुठ्ठ्यावर दोनदा मागेपुढे फिरवून मधली रेघ मिटवली. मग ब्रश टेकवून दाबला, किंचित वळवला आणि वर सरकवत सरकवत धारेवर आणून उचलला. एका झटक्यात पान, एका कडेला गडद, दुसरीकडे फिकं. उलटून पाहिलं. मागच्या बाजूला त्याच पानाची पुसट हिरवी सावली आली होती.

तोवर वर्ग भरला होता. त्या दिवशी कुणाच्याच रंगाची बाटली लगेच उघडली नाही. अकरा जणींनी आपापल्या कापडावर थेंब सोडले आणि वाकून बघत बसल्या. दोघींचे तसेच उभे राहिले. एकीची तर नवीकोरी पिशवी होती, आदल्या रात्रीच नक्षी छापून आणलेली.

तो टेबलक्लॉथ वर्गासाठी ठेवून घेऊ का, असं मी काकूंना विचारलं.

"घ्या की. पण वेल मला परत काढायचीय, गोकर्णाचीच." आणि त्यांनी पिशवीतून ट्रेसिंग पेपर काढला. नीट गुंडाळी करून जपून ठेवलेला.