नववा प्रश्न आणि अडलेली फाईल

नागपुरातल्या शाळकरी मुलांची झोप, मोबाईल आणि मनःस्थिती यांवरचा आमचा अभ्यास एकदाचा सुरू झाला, पण त्या फाईलचा राग अजून गेलेला नाही. असं काम हाती घेणाऱ्या पुढच्यांचे महिने वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

अभ्यास पाचपावली, टेका नाका, शांतीनगर भागातल्या आठवी-नववीच्या मुलांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 10 ते 19 वयातल्या दर सात जणांपैकी एकाला मानसिक आजार असतो. आपल्या वस्त्यांमध्ये काय चाललंय ते मुलांना विचारल्याशिवाय कसं कळणार? गाईड मिळाल्या, प्रश्नावली ठरली, मराठी आणि हिंदी प्रती झाल्या. तिथवर सगळं सुरळीत.

मग एथिक्स कमिटी, म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्यांना त्रास होऊ नये हे पाहून मंजुरी देणारी समिती, म्हणाली, शाळांची परवानगी आणा. शाळा म्हणाल्या, वरच्या कार्यालयाचं पत्र आणा. कार्यालय म्हणालं, आधी एथिक्सचं पत्र दाखवा. आवक-जावकच्या खिडकीत उभं राहायचं, शिक्का घ्यायचा, मग 'साहेब मीटिंगला गेलेत'. पुन्हा गेलं की कागद दुसऱ्या टेबलावर. कोणी नाही म्हणत नव्हतं, आणि सही कोणी करत नव्हतं. यातून वाट काढली ती कमिटीच्या सदस्य-सचिवांनी. कार्यालयाचं पत्र येईपर्यंत एकाही मुलाकडून माहिती घेणार नाही असं मी लेखी दिलं आणि त्या अटीवर कमिटीने मंजुरी दिली. तुम्ही पहिल्या अर्जातच सशर्त मंजुरी मागा.

कमिटीच्या मंजुरीचं पत्र घेऊन कार्यालयात गेले तर साहेबांचं बोट नवव्या प्रश्नावर. आमच्या प्रश्नावलीत नैराश्य तपासण्याची नऊ प्रश्नांची यादी आहे, ती जगभर वापरतात. तिचा शेवटचा प्रश्न असा, की गेल्या दोन आठवड्यांत आपण नसतो तर बरं झालं असतं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार किती वेळा आले. "म्याडम, हा काढून टाका. पोट्ट्यांच्या डोक्यात नाही ते भराल तुम्ही." मी शांतपणे सांगितलं, की विचारल्याने असे विचार वाढत नाहीत, हे अनेक अभ्यासांत तपासलं गेलंय. उलट, मनात ठेवून बसलेल्या पोराला पहिल्यांदा कोणीतरी विचारलेलं असतं. ते ऐकून घ्यायचे आणि फाईल तिथेच राहायची.

प्रश्न काढला असता तर त्याच आठवड्यात सही मिळाली असती, हे मला दिसत होतं. तरी काढला नाही, याचं आजही समाधान आहे. ज्या मुलासाठी हे सगळं करायचं, त्यालाच वगळून कसला अभ्यास?

साहेबांची खरी भीती वेगळी होती: एखाद्या मुलाने 'रोज' या रकान्यात खूण केली, तर पुढे जबाबदारी कोणाची? त्याचं उत्तर आमच्या अर्जात पाचव्या पानावर बारीक अक्षरात पडलेलं होतं. मी ते वेगळ्या एका कागदावर काढलं. शाळेतून निघण्याआधी प्रत्येक फॉर्मचा नववा प्रश्न पाहणार. 'अजिबात नाही'खेरीज दुसरी खूण दिसली तर आमच्या समुपदेशक त्याच दिवशी त्या मुलाशी एकांतात बोलणार, पालकांना बोलावणार, गरज असेल तर शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत सोबत नेणार. खाली दोन नावं, दोन मोबाईल नंबर आणि आमच्या सह्या. सोबत राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाची माहिती जोडली. 2014 पासूनच्या या सरकारी कार्यक्रमाच्या सहा विषयांत मानसिक आरोग्य आहेच. त्यानंतर सही झाली. पत्र हातात आलं तेव्हा खाली येऊन पायरीवर बसले आणि पहिला फोन आईला केला.

आता आठवेल तसं सांगते. प्रत्येक पत्राच्या ओसीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, शिक्का आणि आवक क्रमांक घ्याच, त्याशिवाय पाठपुरावा करता येत नाही. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, म्हणून कार्यालयाची धावपळ उन्हाळ्यातच उरका. पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा लेखी होकार, दोन्ही लागतात. वाचता न येणाऱ्या पालकांचा अंगठा घेताना आपल्या टीमबाहेरचा साक्षीदार हवा. एका बाबांनी अंगठा उठवण्याआधी शेजारच्या काकूंकडून अख्खा कागद दोनदा वाचून घेतला, आणि मुलाच्या मार्कांवर याचा परिणाम होणार नाही ना, हे मला तीनतीनदा विचारलं. संमती घ्यायची ती अशी. पालक कामावरून आल्यावर, संध्याकाळी जा.

होकारपत्रात मुलांना स्पष्ट सांगा: तू लिहिलेलं गुप्त राहील, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मोठ्यांना सांगावं लागेल. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तेही प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहा. फॉर्म भरताना एका बाकावर एकच मूल बसवा.

आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या नंबरची चिठ्ठी सगळ्या वर्गाला द्या. फक्त खूण करणाऱ्यांना दिलीत तर कोणाला मिळाली यावरून लगेच कुजबुज सुरू होते. हा नंबर रात्रीही चालतो आणि फोनचे पैसे पडत नाहीत, हे तिच्यावर मोठ्या अक्षरांत छापा. मुलं आधी तेच विचारतात.