मागच्या सीटवरचा हात

कोल्हापुरात दोघांचं कुठवर आलंय हे कुणाला विचारावं लागत नाही. गाडीवर मागं बसलेलीचा हात कुठं आहे, तेवढं बघायचं. मागच्या हँडलला असेल तर अजून ओळखपाळख चाललीय. स्वतःच्या मांडीवर असेल तर एक तर भांडण झालंय, नाहीतर भाऊ-बहीण आहेत. खांद्यावर आला की घरी सांगायची जुळवाजुळव सुरू झाली म्हणायची. आणि कमरेभोवती असेल तर गाडी गावात नाहीच, पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलेली आहे. मी रोज संध्याकाळी रंकाळ्याच्या काठानं चालते. त्यानं वजन उतरलं नाही, पण या विषयातला अभ्यास दांडगा झाला.

त्या मागच्या हँडलची सोय सरकारनं केलीय. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम खास मागं बसणाऱ्यासाठी आहे. धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागचं चाक निदान निम्मं झाकलेलं हवं, म्हणजे कपडा चाकात जाणार नाही. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हेच. पदराची काळजी झाली, पायाची झाली, हाताचीही झाली. पुढच्या माणसाच्या खांद्याबद्दल मात्र नियमांत अवाक्षर नाही. तो दोघांनी आपसात बघायचा.

आणि नेमकं तिथंच घोडं अडतं. आमच्या गावात बोलण्याची टंचाई कधीच नव्हती. मिसळीच्या कटावर तासभर भांडतील, कुस्तीतल्या एका डावावर दोन तालमी हमरीतुमरीवर येतील. मित्र मित्राच्या गळ्यात हात टाकून अख्खा महाद्वार रोड फिरेल, कुणी वळून बघणार नाही. पण जिच्यावर जीव आहे तिला ‘हात धरू काय?’ एवढं विचारायचं म्हटलं की पैलवानाचीही दातखीळ बसते.

मग पोरं ब्रेकचा आधार घेतात. खड्डा नसताना ब्रेक, मांजर नसताना ब्रेक. आपल्या रस्त्यांमुळं निमित्ताला तोटा नाही म्हणा. मागची मुलगी दुसऱ्या ब्रेकला ओळखते आणि तिसऱ्याच्या आत पाठीवरची सॅक दोघांच्या मध्ये आणून ठेवते. एवढं स्पष्ट उत्तर मिळूनही काही महाभाग ‘लाजते’ असा अर्थ काढतात. मला या ब्रेकवाल्यांचा मनापासून राग आहे. न विचारता जवळीक मिळवायची ही सवय लग्नानंतर सुटेल, या भरवशावर कुठल्या मुलीनं राहू नये.

माझा भाचा त्यातला नाही, पण त्याचं दुखणं निराळं होतं. शिरोलीला फौंड्रीत आहे, वितळलेल्या लोखंडासमोर दिवसभर उभा राहतो. एकदा स्वयंपाकघरात आला आणि शेंगा फोडत बसला.

“मावशे, कवापासनं फिरतोय, पण तिनं मागचं हँडल काय सोडंना. मी आवडत नसंल काय तिला?”

“तिला विचारलास काय?”

“असलं कसं विचारायचं?”

“मग मला कसं विचारतोयस?”

गडी गेला. समोरासमोर बसून विचारणं त्याला जमणार नव्हतंच. गाडीवर त्यातल्या त्यात बरं असतं, कारण दोघांची तोंडं एकाच दिशेला, कुणाच्या डोळ्यात बघावं लागत नाही. अवघड गोष्टी बऱ्याच जणांच्या तोंडून अशाच बाहेर पडतात. फक्त वारा आणि हेल्मेट यांचा हिशोब त्यानं धरला नव्हता. दोनदा “काय?” असं झाल्यावर कावळा नाक्याच्या सिग्नलला त्यानं गाडी थांबवली आणि कारखान्यात ओरडतात त्या आवाजात विचारलं, “खांद्यावर हात ठेवलास तर चालंल काय?” शेजारच्या स्कूटरवरच्या काकांनी लगेच निकाल दिला, “ठेव की बाई, सिग्नल सुटला!”

तिनं ठेवला नाही. पुढं गेल्यावर गाडी बाजूला घ्यायला लावली आणि म्हणाली, “महाद्वार रोडला काकाचं दुकान, बिंदू चौकात मामाचं. गावात कुठं धरू मी? आणि वळणावर गाडी अशी घालतोस की तुझ्या खांद्यापेक्षा लोखंड बरं वाटतंय. तेवढं सोड, मग धरतो की.”

म्हणजे भाच्यानं इतके दिवस ज्या कारणानं झोप घालवली, ते कारण यादीतच नव्हतं. त्यांनी मग आपसात हद्द ठरवली. शिवाजी पुलापर्यंत हँडल, पंचगंगा ओलांडली की खांदा. वाघबीळच्या वळणाला वेग कमी, नाहीतर हात परत मागं. शिवाय एखाद्या दिवशी मूड नसेल तर पूल ओलांडूनही हात मागंच, आणि त्यावर ‘काय झालं, काय झालं’ करत बसायचं नाही. हे शेवटचं कलम तिचं. मला ते सगळ्यात आवडलं. काल ठेवला म्हणजे आज ठेवलाच पाहिजे, असं हाताचं नसतं.

अमेरिकेतल्या जेम्स कोन या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 16 विवाहित बायकांना मेंदूची चित्रं घेणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि आता विजेचा झटका बसू शकतो, अशी खूण अधूनमधून दाखवली. एकदा नवऱ्याचा हात हातात, एकदा परक्या माणसाचा, एकदा कुणाचाच नाही. नवऱ्याचा हात असताना मेंदूतली घाबरगुंडी सगळ्यात कमी झाली. परक्याच्या हातानंही थोडा आधार मिळाला, पण त्याची सर नव्हती. आणि ज्यांचा संसार जास्त गुण्यागोविंदाचा, त्यांना नवऱ्याच्या हाताचा गुण जास्त आला. सरकारी हँडल धरायला देऊन असा प्रयोग कुणी केल्याचं ऐकिवात नाही. पण हात धरल्यानं गोडी येते की गोडी असली म्हणून हात लागू पडतो, याचं माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. घरात दिवसभर धुसफूस करून रात्री जवळ घेणाऱ्याचा हात जड लागतो, हे बायकांना यंत्राशिवाय कळतं.

भाच्याचं हे सगळं मी रात्री गंगावेशीत ह्यांना सांगितलं. आम्ही कधीमधी तिथं म्हशीचं ताजं दूध प्यायला जातो. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की आपणही हे कधी विचारलेलं नाही. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या उजव्या खांद्याला धरून बसते. म्हटलं, “अहो, खांद्यावर धरलेलं चालतं ना तुम्हाला?”

ह्यांनी ग्लास खाली ठेवला. “शर्ट मागं ओढला जातो. कॉलर गळ्याला काचते.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाही?”

“बोललो असतो तर तू हातच काढून घेतला असतास.”

यावर मला पटकन काही सुचलं नाही. दूधवाल्याला आणखी अर्धा ग्लास सांगितला. आता खांदा बाद झालाय, मी कमरेपाशी पट्ट्याला धरते. ह्यांना गुदगुल्या होतात म्हणे, आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. वाटाघाटी चालू आहेत.