वर्गातलं मूल उठून जाऊ शकत नाही

‘हा चित्रपट आठवीच्या वर्गाला दाखवला तर चालेल का?’ असं शिक्षक नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते. नुसतं नाव ऐकून याचं उत्तर देता येत नाही. त्यातला किती मिनिटांचा भाग दाखवणार आणि तो पाहिल्यावर मुलांनी काय करायचं, हे आधी ठरवा. ‘धडा संपलाय, तास उरलाय’ एवढंच कारण असेल, तर चित्रपट कितीही चांगला असो, माझं उत्तर ‘नको’ असंच आहे.

चित्रपट कोणत्या वयासाठी योग्य हे सांगणाऱ्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. घरी एखादं दृश्य सोसवलं नाही, तर मूल उठून जातं, कुणाच्या तरी कुशीत तोंड लपवतं. वर्गात चाळीस जणांसमोर ते तसंच बसून राहतं. नुकतंच घरात कुणी गेलेल्या मुलाला अंत्यविधीचं साधं दृश्यही जड जातं आणि हे कुठल्याच प्रमाणपत्रावर लिहिलेलं नसतं. ते वर्गशिक्षकांना ठाऊक असतं, त्यांना विचारा. खऱ्या मृत्यूचं बातम्यांमधलं चित्रण तर मी अभिनयातल्या हिंसेपेक्षा कितीतरी गंभीर मानते.

जी फाइल लावणार, तीच आधी स्वतः पाहा. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत, आवाजासकट. सारांश वाचून भागत नाही, कारण शिवी किंवा अंगावर येणारं दृश्य दोन सेकंदांचं असतं आणि सारांशात ते येत नाही. पाहताना मिनिट-सेकंद टिपून ठेवा. नको तो भाग वर्गात पुढे ढकलत बसलात, तर मुलांच्या लक्षात नेमका तोच राहतो. म्हणून सुरुवात आणि शेवट आधीच पक्के करा. पाच-सात मिनिटांचा तुकडा बहुतेक वेळा पुरतो.

झगमगाटही तपासा. १९९७ साली जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारं दृश्य असेल, तर ते वगळाच.

घोटाळा बरेचदा व्हिडिओच्या बाहेर होतो: मध्येच जाहिरात येते, संपताच भलताच व्हिडिओ आपोआप सुरू होतो, बाजूला नको ती चित्रं दिसतात. ऑटोप्ले बंद करा, प्रोजेक्टर झाकून व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर आणा आणि मगच प्रोजेक्टर उघडा. आपोआप उमटणारी सबटायटल्स चुकीचे शब्द दाखवतात, तीही तपासा.

दाखवायचं ते तासाच्या पहिल्या अर्ध्यात दाखवा. घंटेच्या तोंडावर दाखवलं, तर मनात उठलेलं घेऊनच मुलं बाहेर पडतात. विषय नाजूक असेल, तर पालकांना आठवडाभर आधी चिठ्ठी द्या: नाव, कोणता भाग, कशासाठी, कधी. एखाद्या मुलाला पाहायचं नसेल, तर त्याच विषयावरचा उतारा देऊन त्याला वाचनालयात बसवा आणि कारण सगळ्यांसमोर विचारू नका.